वॉटरकलरमध्ये 'आपली स्टाईल' येते कुठून? कागद, डिंक, पाणी आणि काही हट्टी माणसं

वॉटरकलर शिकायला लागून दोन-तीन वर्षं झाली की जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न घोळायला लागतो, माझी स्टाईल कधी येणार? ढग जमतात, झाडं जमतात, पाण्यातलं प्रतिबिंब पण जमतं, व्हिडिओ तर किती बघून झाले त्याचा हिशोबच नाही, पण चित्र लांबून बघितलं की ते कुणाचंही वाटतं. यावर ठरलेलं उत्तर म्हणजे 'करत राहा, आपोआप येईल'. ते चुकीचं नाहीये, पण त्यातून कळत काहीच नाही.

मला वाटतं याचं बरंचसं उत्तर या माध्यमाच्या इतिहासातच आहे, आणि तो इतिहास नुसता नावं-सनावळ्या म्हणून न वाचता एक प्रश्न हातात धरून वाचला की सगळं उलगडायला लागतं. प्रश्न असा: कागदावर हुकूम कुणाचा चालतो, चित्रकाराचा की पाण्याचा? वॉटरकलर करणाऱ्या प्रत्येकाला हे ठरवावंच लागतं, पाण्याला कुठे मोकळं सोडायचं आणि कुठे आवरायचं. विषय, रंग, ब्रश हे सगळं त्याच्या मागून येतं.

आधी रंग म्हणजे नक्की काय ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पिगमेंटची म्हणजे रंगद्रव्याची अगदी बारीक पूड, ती कागदाला चिकटून राहावी म्हणून गम अरेबिक म्हणजे बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक, आणि रंग अगदी दगड होऊन वाळू नये म्हणून थोडं ग्लिसरीन किंवा मध. झालं, एवढंच. पाण्याचं काम फक्त रंग इकडून तिकडे नेण्याचं, ते नंतर उडून जातं. ऑइलमध्ये उजेड दाखवायचा तर पांढरा रंग वरून लावता येतो, इथे तसं नाही. पारदर्शक वॉटरकलरमध्ये प्रकाश रंगाच्या पातळ थरातून आत शिरतो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि त्याच थरातून परत आपल्या डोळ्यात येतो. म्हणून तो आतून उजळल्यासारखा दिसतो, आणि म्हणूनच एकावर एक थर चढवत गेलं की हा उजेड मरतो आणि चित्र मळकट दिसायला लागतं. पांढरा म्हणजे कागद. जिथे पांढरं हवं तिथे आधीपासून हात आवरायचा. नवशिक्यांचं निम्मं रडणं या एका गोष्टीवरून असतं.

आता पाण्याचे स्वतःचे उद्योग. सांडलेला चहा वाळला की डागाच्या कडेला गडद रेघ उमटते ना, तेच वॉशच्या, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या पसरट थराच्या बाबतीत होतं: कडेचं पाणी लवकर उडतं, ती जागा भरायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि येताना पिगमेंट घेऊन येतं. (याचं नीट भौतिकशास्त्रीय स्पष्टीकरण 1997 साली छापून आलं, म्हणजे चित्रकार शेकडो वर्षं ही कडा वापरत होते आणि शास्त्रज्ञ मागाहून पोचले.) दुसरं, अर्धवट वाळलेल्या भागात जास्त ओला ब्रश टेकला की ते जादा पाणी आत घुसतं, तिथलं पिगमेंट बाजूला ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वेडावाकडा डाग पडतो, त्याला ब्लूम किंवा बॅकरन म्हणतात. तिसरं म्हणजे ग्रॅन्युलेशन. अल्ट्रामरीनसारख्या रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि खरखरीत पोत दिसतो, तर थॅलो ब्लूचे कण इतके बारीक की ते धाग्यात शिरून डाग पाडतात, मग कितीही घासा, पूर्ण निघत नाही. आणि चौथं, ओला रंग वाळल्यावर फिका होतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी प्रत्येक वेळी सगळे फसतात.

या चार गोष्टींना काही लोक 'चूक' म्हणतात आणि काही लोक 'इफेक्ट' म्हणतात. इथूनच रस्ते फुटायला लागतात.

युरोपातली गोष्ट साधारण ड्यूरर या जर्मन चित्रकारापासून सांगतात. त्याआधीही पाण्यात कालवलेले रंग होतेच, पोथ्यांमध्ये, लघुचित्रांमध्ये, पण ते बहुतेक अपारदर्शक, आणि चीन-जपानमध्ये शाईच्या पातळ थरांची परंपरा तर फारच जुनी. आल्ब्रेख्त ड्यूररने 1495 च्या आसपास आल्प्सच्या प्रवासात निसर्गचित्रं केली, मग 1502 मध्ये तो प्रसिद्ध ससा आणि 1503 मध्ये गवताचा तुकडा. ससा बघितला तर प्रत्येक केस वेगळा आहे, म्हणजे हुकूम शंभर टक्के माणसाचा, पाण्याला तोंड उघडायची सोय नाही. पण त्याच्या काही प्रवासचित्रांत कागदाचे मोठे भाग तसेच सोडलेत आणि वॉश सैलसर आहे. एकाच माणसाचे दोन हात. मला हे फार दिलासा देणारं वाटतं, कारण स्टाईल म्हणजे एकच एक शिक्का असं जे आपल्या डोक्यात असतं ते ड्यूररलाही लागू पडत नाही.

त्यानंतर बराच काळ वॉटरकलर हे कामापुरतं माध्यम राहिलं. नकाशे, वनस्पतींची चित्रं, जहागीरदारांचे वाडे, किल्ले. इंग्लंडमधला पॉल सँडबी 1740 च्या दशकाच्या शेवटी स्कॉटलंडच्या लष्करी सर्वेक्षणात ड्राफ्ट्समन होता. पद्धत ठरलेली: आधी पेन्सिल, मग शाईची रेघ, मग करड्या रंगाने छाया, आणि शेवटी वरून हलका रंग फिरवायचा. याला ते 'रंगवलेलं रेखाचित्र' म्हणायचे आणि ते खरंही होतं, चित्राचं सगळं काम रेघेने आधीच उरकलेलं असायचं आणि रंग नुसता हजेरी लावायला. 1768 मध्ये लंडनला रॉयल अकॅडमी निघाली पण तिथे मान ऑइलला, वॉटरकलरवाले कोपऱ्यात, म्हणून शेवटी वैतागून 1804 मध्ये त्यांनी स्वतःची सोसायटी काढली.

या मधल्या काळात एक गोष्ट झाली जी पुस्तकात एका ओळीत उरकतात पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच, ती म्हणजे कागद बदलला. जुना कागद तारांच्या जाळीवर बनायचा आणि त्या तारांच्या रेघा कागदावर उमटायच्या, वॉश त्या रेघांत जाऊन बसायचा. 1750 च्या दशकात इंग्लंडमधल्या जेम्स व्हॉटमनने विणलेल्या जाळीवरचा सपाट, एकसारखा कागद बनवला. चिंध्यांचा लगदा आणि वरून जिलेटिनचं चांगलं सायझिंग म्हणजे लेप, त्यामुळे पाणी लगेच शोषलं जात नव्हतं, थोडा वेळ वरच तरंगायचं, रंग पुसून काढता यायचा, ब्लेडने खरवडता यायचा आणि तरी कागद फाटत नव्हता. आता विचार करा, पाणी वर तरंगत राहणार असेल तरच त्याच्याशी खेळता येईल ना? मोकळा वॉश ही कल्पना आधी सुचली आणि मग कागद आला असं नाही, कागदाने ती शक्यता उघडली.

आणि मग जे. एम. डब्ल्यू. टर्नर आणि थॉमस गर्टिन हे इंग्लिश चित्रकार. दोघंही 1775 मध्ये जन्मलेले. 1790 च्या दशकात लंडनमध्ये डॉ. थॉमस मन्रो नावाचे एक गृहस्थ होते, वेड्यांच्या इस्पितळाचे डॉक्टर आणि चित्रांचे शौकीन, त्यांच्या घरी संध्याकाळी तरुण मुलं जमायची आणि जॉन रॉबर्ट कोझेन्स या चित्रकाराच्या चित्रांच्या नकला करायची. स्वतः कोझेन्स तेव्हा मानसिक आजाराने याच डॉक्टरांकडे उपचाराला होता. गर्टिन रेघा काढायचा, टर्नर त्यावर वॉश टाकायचा, असं या दोघांनी नंतर एका समकालीन चित्रकाराला सांगितलं आणि त्याने ते डायरीत लिहून ठेवलंय. दर संध्याकाळचे थोडे पैसे आणि जेवण मिळायचं. म्हणजे बघा, इंग्लिश वॉटरकलरची दोन सगळ्यात मोठी नावं, एकाच टेबलावर, दुसऱ्याच्या चित्रांची नक्कल करत, ती पण निम्मी-निम्मी!

आणि तरी दोघं वेगळ्या दिशांना गेले. गर्टिनने तो करडा थर सोडून दिला आणि थेट रंगाने रंगवायला लागला, जाडाभरडा, किंचित पिवळट कागद मुद्दाम वापरायचा, वॉश रुंद आणि शांत. 1800 मधलं त्याचं चेल्सीचं चित्र बघा, नदी, संध्याकाळ आणि लांबवर एक छोटंसं पांढरं घर, बस, ते घर म्हणजे कोरा सोडलेला कागद. 27 व्या वर्षी गेला बिचारा, 1802 मध्ये. टर्नर मात्र पाण्याशी मारामारी करणारा. 1818 मध्ये एका मित्राच्या घरी त्याने सामान भरून घेणाऱ्या युद्धनौकेचं चित्र एका सकाळीत केलं, घरातल्या मुलाने ते बसून बघितलं, आणि त्याच्या आठवणीप्रमाणे टर्नरने आधी कागद रंगाने पार भिजवून टाकला आणि मग फाड, खरवड, घास असं करत करत त्यातून जहाज बाहेर काढलं. पाण्याला आधी पूर्ण सोडायचं आणि मग ओढून आणायचं. याच्या अगदी उलट टोकाला जॉन सेल कॉटमन, त्याचं 1805 च्या आसपासचं ग्रेटा नदीवरच्या पुलाचं चित्र म्हणजे सपाट आकार एकमेकांशेजारी बसवलेले, प्रत्येक वॉश वाळू द्यायचा, कडा धारदार, एकही ठिपका इकडचा तिकडे नाही. त्याच्या हयातीत याचं फारसं कौतुक झालं नाही, पोटासाठी त्याने आयुष्यभर ड्रॉइंग शिकवलं, आणि विसाव्या शतकातल्या लोकांना तो अचानक मॉडर्न वाटायला लागला. म्हणजे बाजार आणि स्वतःचा रस्ता यांचं जमतंच असं नाही, हे पण लक्षात ठेवलेलं बरं.

रंगांच्या बाजूचं पटकन सांगतो. आधी चित्रकार किंवा त्यांचे मदतनीस रंग स्वतः घोटायचे, मग 1780 च्या आसपास रीव्ह्ज बंधूंनी रंगाच्या तयार वड्या बाजारात आणल्या, 1830 च्या दशकात ग्लिसरीनमुळे ओलसर राहणारे पॅन (छोट्या डब्यांतल्या रंगवड्या) आले, 1841 मध्ये जॉन गॉफ रँडने दाबायची धातूची ट्यूब पेटंट केली आणि 1846 पासून विन्सर अँड न्यूटन या कंपनीचे वॉटरकलर ट्यूबमध्ये मिळायला लागले. ट्यूबमुळे एका दमात ढीगभर गडद रंग कालवता येतो, म्हणजे मोठा ब्रश, मोठा कागद, दमदार वॉश. 1834 मध्ये चायनीज व्हाइट आला, म्हणजे झिंकचा अपारदर्शक पांढरा, आणि व्हिक्टोरियन काळात त्याने असा काही धुमाकूळ घातला की चित्रं ऑइलशी स्पर्धा करायला लागली, बारीक ठिपके, घट्ट काम, सोनेरी फ्रेम. पांढरा रंग वापरणं म्हणजे चीटिंग का यावर तेव्हापासून भांडण चालू आहे आणि मला ते भांडण कंटाळवाणं वाटतं. जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकन चित्रकाराने तो बिनधास्त वापरलाय.

विसाव्या शतकाकडे येताना गंमत अशी होते की प्रत्येक जण या माध्यमाकडे वेगळ्या अडचणीतून आलेला दिसतो. अमेरिकेतला विन्स्लो होमर आधी मासिकांसाठी चित्रं काढायचा, लाकडी ठशांवरून छापली जाणारी, म्हणजे काळं-पांढरं आणि ठाशीव आकार, आणि 1873 पासून नेटाने वॉटरकलर करायला लागला तेव्हा ती ठाशीव नजर त्याच्या वॉशमध्ये उतरली. सार्जंट श्रीमंतांच्या पोर्ट्रेटना इतका कंटाळला की 1907 च्या सुमारास त्याने त्या ऑर्डरी घेणं जवळजवळ बंद केलं आणि व्हेनिसच्या बोटीत बसून वॉटरकलर करण्यात रमला. फ्रेंच चित्रकार सेझान म्हातारपणी पेन्सिलच्या दोन-चार रेघा, त्यावर रंगाचे छोटे पारदर्शक चौकोनी फटकारे, एक वाळला की त्यावर दुसरा, आणि निम्म्याहून जास्त कागद कोरा. ते चित्र अपुरं आहे असं वाटतं आणि मग वाटतं की नाही, झालंय की. स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले 1914 च्या एप्रिलमध्ये दोन मित्रांबरोबर ट्युनिशियाला जाऊन आला, दोन आठवडेसुद्धा नाही, आणि त्यानंतर त्याच्या वॉटरकलरमध्ये घरं-बागा रंगांच्या चौकटी होऊन बसल्या. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओ'कीफ 1917 मध्ये टेक्ससच्या सपाट माळावरच्या एका कॉलेजात शिकवत होती, तिथे तिने पहाट आणि संध्याकाळच्या ताऱ्याची जी वॉटरकलर्स केली त्यात वलयं आहेत आणि वलयांच्या मध्ये कागदाची बारीक पट्टी कोरी सोडलीय, कारण दोन ओले रंग एकमेकांना लागले की मिसळणार. तांत्रिक अडचण होती, तिचीच तिने रेघ करून टाकली.

आपल्याकडच्या बंगालच्या वॉश पद्धतीचं उदाहरण तर मला सगळ्यात आवडतं. अवनींद्रनाथ टागोर युरोपीय पद्धतीने शिकलेले, मुघल लघुचित्रांचा अभ्यास केलेला, आणि 1903 मध्ये जपानहून योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो कलकत्त्याला आले तेव्हा त्यांचं काम त्यांनी जवळून बघितलं. जपानी चित्रकार ओल्या ब्रशने रेघ पुसट करायचे, अवनींद्रनाथांनी पुढे जाऊन आख्खं चित्रच पाण्यात बुडवायला सुरुवात केली: रंगवा, वाळवा, बुडवा, जास्तीचा रंग निघून जाऊ द्या, परत रंगवा. त्यातून ते धुक्यातल्यासारखे मऊ रंग आले, 1905 ची भारतमाता त्याच काळातली. तिन्ही गोष्टी दुसऱ्यांच्या होत्या, पण तिघांची अशी मोट बांधणारा माणूस एकच.

आता मूळ प्रश्नाकडे. या सगळ्यांनी स्टाईल 'शोधली' असं दिसत नाही. त्यांनी नक्कल केली, मग नक्कल करता करता त्यातली एखादी पायरी गाळली. गर्टिनने करडा थर गाळला, सेझानने कागद भरणं गाळलं, ओ'कीफने तपशील गाळला. म्हणजे काय काय करता येतं याची यादी वाढवत नेण्यापेक्षा, मला यातलं काय करायचंच नाहीये, हे जास्त उपयोगी पडतं. तुम्हाला झाडाची पानं रंगवायचा मनापासून कंटाळा येत असेल तर ते लाजण्यासारखं अजिबात नाही, कंटाळा कुठे येतो ते नीट बघा.

नक्कल करा, पण दिसण्याची नको, ओलेपणाची करा. ऑनलाइन ट्युटोरियल बघून चित्र फसतं त्याचं मोठं कारण हेच की शिकवणारा 300 जीएसएमच्या, म्हणजे जाड, कॉटन कागदावर काम करतोय, तो कागद पाणी आत धरून ठेवतो आणि सावकाश वाळतो, आणि तुम्ही पातळ सेल्युलोज कागदावर, जिथे पाणी भराभर वाळतं, कागद फुगतो, खळग्यांत डबकी साचतात. त्याने दुसरा रंग टाकला तेव्हा कागदावरची चकाकी नुकती जात होती, तुमच्याकडे ती मघाशीच गेलेली. रंगाचं नाव लिहून घेण्यापेक्षा कागद किती ओला असताना त्याने ब्रश टेकवला हे बघा. चकाकतोय, ओलसर पण मंद दिसतोय, हाताला गार लागतोय, की कोरडा ठणठणीत. एकच साधा विषय, एकच रंग, आणि या चार वेळांना तोच फटकारा मारून बघा. त्यातला कुठला निकाल बघून हात थांबतो, परत करावासा वाटतो, तो तुमचा. काहींना चकाकत्या कागदावर रंग पळताना बघून आनंद होतो, काहींना जीव घाबरा होतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाने जबरदस्तीने लूज, म्हणजे सैल-मोकळं, पेंटिंग करायला जाऊ नये. सध्या लूज म्हणजे भारी आणि टाइट म्हणजे नवशिकं असं एक वारं आहे, त्याकडे खुशाल दुर्लक्ष करा, कॉटमन टाइटच होता.

दुसरं, पॅलेट लहान ठेवा, म्हणजे रंग मोजकेच घ्या, आणि कागद सारखा बदलू नका. कागद बदलला की वाळायची वेळ बदलते आणि हाताला बसलेलं टायमिंग परत शून्यावर. रंगांच्या बाबतीत ट्यूबवरचं लाइटफास्टनेस, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो ते, मात्र बघाच, टर्नरने उडणारे लाल रंग सर्रास वापरले आणि त्याच्या काही चित्रांतल्या संध्याकाळी आज फिकट पडल्यात. 1888 मध्ये रसेल आणि अ‍ॅबनी यांचा अहवाल आला तेव्हा कुठे उजेडाने कुठला रंग किती उडतो याची पद्धतशीर तपासणी लोकांसमोर आली. आता ते ट्यूबवर छापलेलं असतं, तरी लोक सुंदर गुलाबी दिसला की घेतात.

तिसरं म्हणजे कडा. वीस-पंचवीस जुनी चित्रं जमिनीवर पसरा आणि विषय न बघता फक्त कडा बघा, कुठे धारदार, कुठे विरघळलेली, कुठे तुटक कोरड्या ब्रशची. आणि पांढरं कुठे सोडलंय. रंग आपण दुसऱ्यांचे बघून उचलतो, विषय पण उचलतो, कडा मात्र सहसा उचलता येत नाहीत कारण त्या मनगटाच्या आणि धीराच्या असतात. ओळखीचा माणूस दिसावा तशी तीच ती कडा तुम्हाला पाच-सहा चित्रांत दिसेल, बऱ्याचदा अशा चित्रांत जी तुम्ही बिघडली म्हणून बाजूला टाकली होती.

चार्ल्स बर्चफील्ड या अमेरिकन चित्रकाराचं असंच झालं. 1917 च्या आसपास, विशीत असताना, त्याने विलक्षण वॉटरकलर्स केली, किड्यांचा आवाज, झाडांची भीती असलं काही काही आकारांत पकडायचा प्रयत्न, आणि मग ते सोडून वीसेक वर्षं तो गावं, कारखाने, पडकी घरं अशी वास्तववादी चित्रं करत राहिला, नावही झालं. 1943 मध्ये पन्नाशीत त्याने ते तरुणपणीचे कागद परत काढले, त्यांच्या चारी बाजूंना नव्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि तीच चित्रं बाहेरच्या बाजूला वाढवत नेली. जोड लपवायचा फार आटापिटाही नाही, जवळून दिसतात. त्यामुळे त्याच्या काही चित्रांखाली दोन साल लिहिलेले असतात, 1917–43 असे, आणि मधली वास्तववादी वर्षंही वाया गेली नव्हती, कारण इतका मोठा कागद ओला असताना एकहाती सांभाळायची ताकद त्याला तिथेच मिळाली होती.